आधी चुरा, मग दाब: घरगुती सायडर आणि वाइनसाठी परवडणारा प्रेस

घरी सायडर किंवा वाइन करायचं मनावर घेतलं की माणूस आधी प्रेस शोधायला लागतो. फळातून रस काढायचा तर दाब हवा आणि दाब द्यायला प्रेस हवा, असा त्याचा सरळ हिशेब असतो. ब्रिटनमध्ये उन्हाळा सरता सरता दुकानांत लाकडी पट्ट्यांच्या गोल टोपल्या आणि त्यांच्यावर उभे राहिलेले जाडजूड स्क्रू मांडले जातात. किंमत शंभर पौंडांच्या आतबाहेर सुरू होते आणि बघता बघता हजाराच्या घरात जाते. प्रत्येक पाटीवर दोन आकडे ठळक लिहिलेले असतात: टोपली किती लिटरची आणि दाब किती टनांचा. नवखा गिऱ्हाईक या दोन आकड्यांची किमतीशी सांगड घालतो आणि खिशाला झेपेल तेवढा मोठा प्रेस घरी घेऊन येतो. पहिल्याच हंगामात त्याचा हिशेब चुकलेला असतो.

लिटर आणि टन हे दोन्ही आकडे नंतर बघायचे. आधी फळ कोणतं, ते किती आणि प्रेसमध्ये जाताना ते कोणत्या अवस्थेत असणार, हे ठरायला हवं. या तीन प्रश्नांची उत्तरं दिली की पुष्कळांना प्रेस लागतच नाही असं दिसतं. बऱ्याच जणांना लहान प्रेस पुरतो. ज्यांना खरोखर मोठा लागतो, त्यांनी तो एकट्याने घेण्यात फारसा अर्थ नसतो.

रस सुटतो चुऱ्यातून

सफरचंदाचा रस त्याच्या पेशींत कोंडलेला असतो. पेशींच्या भिंती फुटल्याशिवाय तो बाहेर येत नाही. अख्खी सफरचंदं, किंवा चार-चार फोडी केलेली सफरचंदंसुद्धा, प्रेसखाली घातली तर दांडा फिरवून खांदे भरून येतात आणि तळाशी जेमतेम वाटीभर रस जमतो. तीच सफरचंदं अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास बारीक चुरली की शंभर किलोंतून पन्नास ते साठ लिटर रस घरच्या साध्या प्रेसवरही निघतो. तो चाळिसावर अडतो की साठाला पोचतो, हे जास्त करून चुऱ्यावर ठरतं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. इंग्लंडच्या पश्चिमेकडे, हेरफर्डशरसारख्या भागात, दगडी गोल पन्हळीत सफरचंदं टाकून त्यांवरून घोड्याकरवी दगडी चाक फिरवत. जॉन वरलिज याने १६७६ साली सायडरवर ‘व्हिनेटम ब्रिटानिकम’ हा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने सफरचंदं चुरण्याच्या एका हातयंत्राची भलामण केली आणि त्याला ‘इंजेनिओ’ असं नाव दिलं. त्या काळातही अक्कल आधी चुरण्याच्या यंत्रावर खर्ची पडत होती.

आज घरगुती वापरासाठी चुरण्याचे चार-पाच मार्ग आहेत. हाताने फिरवायची चक्की सगळ्यांत सरळ. तिच्यात वर पत्र्याचं चाडं आणि खाली स्टेनलेस स्टीलचे दाते असलेले रूळ असतात. तिची किंमत साधारण लहान प्रेसइतकीच पडते, म्हणून लोक ती टाळतात आणि तिथेच फसतात. झाकणाच्या बादलीत ड्रिल मशीनने फिरणारं पातं मिळतं. ते स्वस्त आहे, पण एका वेळी दोन-तीन किलोंच्या वर काम होत नाही. अमेरिकेतले हौशी लोक स्वयंपाकघराच्या सिंकखाली बसवायचं खरकटं दळण्याचं यंत्र कोरं विकत आणतात आणि फक्त सफरचंदांसाठी ठेवतात. ते चुरा उत्तम करतं, फक्त मोटर तापू नये म्हणून मधे थांबावं लागतं. दहा-पंधरा किलोंपर्यंत घरातला फूड प्रोसेसरही चालतो. लाकडी दांड्याने बादलीत कुटणं फुकटात होतं, पण त्यात अख्खी दुपार जाते.

चुरा फार बारीक झाला तरी नुकसानच. बराच काळ ठेवून मऊ पडलेली खायची सफरचंदं चक्कीतून काढली की त्यांचा नुसता गर होतो. प्रेसखाली तो कापडाच्या छिद्रांतून रसाबरोबर बाहेर येतो, नाहीतर छिद्रंच बुजवून बसतो. अशा वेळी पेक्टिन फोडणारं एन्झाइम घालून लगदा काही तास ठेवतात. अमेरिकेत त्यात भाताचं स्वच्छ तूसही मिसळतात, म्हणजे रसाला वाहायला वाटा मिळतात.

द्राक्षांचा न्याय वेगळा

द्राक्षाची साल नुसती फुटली तरी पुरे. उलट ती जास्त चेंगरली आणि बिया फुटल्या तर वाइन कडू-तुरट होते. म्हणूनच पायांनी तुडवणं ही जुनी पद्धत मागासलेली नव्हती: तळव्याखाली साल फुटते, बी शाबूत राहते. रसवंतीचा चरक द्राक्षांना का चालत नाही, याचं कारणही हेच. तिथे रुळांमधल्या फटीत बी भरडलं जातं. सफरचंदाचं म्हणाल, तर उसाचा धागा चिपाडाला धरून ठेवतो तसा धागा त्यात नाही. त्यामुळे गर आणि रस दोन्ही एकत्रच रुळांपलीकडे पडतात.

प्रेस केवढा घ्यावा, हे वाइन लाल की पांढरी यावर ठरतं. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं फोडली की लगेच दाबायची असतात, म्हणजे सगळा माल प्रेसमधून जातो. लाल वाइनसाठी फोडलेली द्राक्षं सालींसकट आठवडाभर आंबवतात. तेवढ्यात साली मऊ पडतात आणि पिंपाची तोटी उघडली की बहुतेक वाइन दाबाशिवायच वाहून येते. प्रेसखाली जातात त्या फक्त उरलेल्या साली. पन्नास किलो द्राक्षांची लाल वाइन करणाऱ्याला बारा लिटरची टोपली दोनदा भरली की काम संपतं. तेवढ्याच द्राक्षांची पांढरी करणाऱ्याला ती चार-पाच वेळा भरावी लागते. प्रेस तोच, फळही तेच, पण एकाला तो पुरून उरतो आणि दुसऱ्याला अपुरा पडतो.

दाबाने निघालेली वाइन वेगळ्या भांड्यात धरावी. सुरुवातीची हलक्या दाबाची वाइन मऊ असते, शेवटची तुरट. शॅम्पेन परगण्यात तर याचा नियमच आहे: ४,००० किलो द्राक्षांमधून पहिला २,०५० लिटर रस वेगळा धरायचा, त्यानंतरचा ५०० लिटर वेगळा, आणि त्यापुढे पिळून निघेल त्याची शॅम्पेन करायची नाही. तिथल्या जाणत्यांना अखेरच्या थेंबाचा लोभ नसेल, तर घरी दहा बाटल्या करणाऱ्याने तो कशाला धरावा?

टोपलीचा प्रेस

परवडणाऱ्या प्रेसमध्ये पहिला मान टोपलीच्या प्रेसचा. ओक किंवा बीचच्या उभ्या पट्ट्यांची टोपली, खाली बिडाचं किंवा स्टीलचं ताट, ताटाला चोच आणि वरून दाबणारा स्क्रू, एवढाच त्याचा पसारा. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात स्क्रू ताटातून निघून टोपलीच्या मधोमध उभा असतो. दुसऱ्यात टोपलीवर आडवी तुळई असते आणि स्क्रू तिच्यातून खाली येतो. मधल्या स्क्रूचा प्रेस भक्कम असतो आणि त्याला बहुधा रॅचेट मिळतो, म्हणजे दांडा पूर्ण गोल न फिरवता पुढे-मागे हलवला तरी चालतं. मात्र स्क्रू लगद्यातूनच जातो, त्यामुळे त्याच्या आट्यांना लावलेलं ग्रीस रसात उतरू शकतं. तिथे खाद्यपदार्थांना चालणारं ग्रीसच वापरावं. तुळईच्या प्रेसमध्ये गाळणपिशवी सरळ बसते आणि सफाई सोपी होते, पण स्वस्त बनावटीत दाब वाढला की तुळई वाकते.

बारा लिटरच्या टोपलीत साधारण दहा किलो चुरा मावतो आणि त्यातून पाच-सहा लिटर रस मिळतो. टोपली भरताना, स्क्रूला हात लागण्याआधीच, चोचीतून धार सुरू होते. लगदा तोवर तांबूस पडायला लागलेला असतो. मग लाकडी झाकण, त्यावर ठोकळे, त्यावर स्क्रू. दांडा चारदोन वेळा हलवला की धार जाड होते, आणि इथेच नवख्याला चेव चढतो. तो दांडा रेटतच जातो, मग लगदा पट्ट्यांच्या फटींतून बाहेर येतो आणि रस पिचकारीसारखा अंगावर उडतो. खरी रीत चक्का टांगण्यासारखी आहे: घाईने पिळलं की पांढरं पाणी येतं, वेळ दिला की आपोआप निथळतं. दोन-तीन आटे फिरवायचे, थांबायचं, धार बारीक झाली की पुन्हा फिरवायचे. अर्ध्या तासाने टोपली उघडली की चोथ्याची चकती अख्खी उचलून बाहेर काढता यावी आणि हातात ती कोरडी, भुसभुशीत लागावी. मुठीत दाबून ओल सुटत असेल, तर ती मोडून पुन्हा टोपलीत घालावी.

हा प्रेस हलका असतो आणि दांड्याच्या जोराने आख्खाच फिरतो. पाय जाड फळीवर बोल्टने आवळून त्या फळीवर एकाने उभं राहावं, हा साधा उपाय. विकत घेताना रॅचेटचा खटका आणि त्याची पिन हातात धरून बघावी. स्वस्त प्रेसमध्ये आधी मोडतो तो हाच भाग, आणि सुटा मिळत नसेल तर ऐन हंगामात अडून बसावं लागतं.

टनांचा हिशेब

जाहिरातीतला टनांचा आकडा कागदावर तपासता येतो. दांडा ४० सेंटिमीटरचा असेल तर एका फेऱ्यात हात सुमारे अडीच मीटर फिरतो. आट्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर असेल तर तेवढ्यात स्क्रू फक्त ५ मिलिमीटर खाली येतो. म्हणजे जोर पाचशे पट झाला. हाताने २० किलोंचा जोर लावला तर हिशेबाने १० टन यायला हवेत. पण घर्षण यातला मोठा वाटा खातं. तीन चतुर्थांश गेला असं धरलं तर हाती अडीच टन राहतात.

हे अडीच टन २५ सेंटिमीटर व्यासाच्या टोपलीवर, म्हणजे सुमारे ४९० चौरस सेंटिमीटरवर पसरले की दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब पडतो. तोच स्क्रू ४० सेंटिमीटर व्यासाच्या टोपलीवर बसवला तर दाब दोन किलोंवर येतो. टोपली मोठी आणि स्क्रू तोच, असा प्रेस पुढच्या किमतीला विकला जातो तेव्हा गिऱ्हाईक जास्त पैसे मोजून कमी दाब घेत असतो. मोठी टोपली घ्यायचीच असेल, तर तिच्याबरोबर स्क्रूही जाड आणि दांडाही लांब हवा.

दाबापेक्षाही एक गोष्ट जास्त कामाची आहे: रसाला बाहेर पडायला किती वाट तुडवावी लागते. २५ सेंटिमीटरच्या टोपलीत मध्यावरच्या रसाला साडेबारा सेंटिमीटर दाबलेल्या लगद्यातून कडेला यावं लागतं. कडेचा लगदा आधी घट्ट होतो आणि आतल्याची वाट अडवतो. पुढचे दोन्ही प्रकार ही अडचण आपापल्या परीने सोडवतात.

थरांचा प्रेस

पहिली तोड जुनी आहे. लाकडी चौकटीत कापड पसरायचं, त्यावर पाचेक सेंटिमीटर जाडीचा लगदा घालायचा, कापडाची चारी टोकं वर दुमडायची आणि चौकट काढून त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवायची. पुन्हा चौकट, कापड, लगदा. असे सहा-आठ थर रचून वरून दाब द्यायचा. इंग्लंडमध्ये या चवडीला ‘चीज’ म्हणतात. कापडं घोड्याच्या केसांची असत, काही भागांत कापडाऐवजी गव्हाचा पेंढा वापरत. रसाला आता अडीच सेंटिमीटरच चालायचं असतं, पुढे जाळीतून तो मोकळा वाहतो. म्हणूनच याच पद्धतीत शंभर किलोंमागे साठाच्या पुढे, कधी सत्तर लिटरपर्यंत रस मिळतो.

हातात सुतारकाम असलेल्यासाठी परवडण्याच्या दृष्टीने हाच सगळ्यांत सरस. जाड लाकडाचा किंवा लोखंडी चॅनेलचा चौकोनी सांगाडा आणि दाबायला गाडीचा बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक, एवढं पुरतं. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या थरावर सहा टनांचा जॅक पावणेचार किलोंचा दाब देतो आणि सफरचंदाला तेवढा पुष्कळ झाला. वीस टनांचा जॅक आणून सांगाड्याचे बोल्ट ताणण्यात काही हशील नाही. सहा टनांखाली तडकलेलं लाकूड माणसाला इजा करू शकतं, म्हणून सांगाड्यात कंजुषी नको आणि दाब देताना चेहरा समोर नको.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जॅक चवडीच्या वर, तुळईच्या खाली बसतो. त्यातून तेल झिरपलं तर ते थेट रसात पडेल, म्हणून त्याच्याखाली काठ असलेलं ताट हवंच. आणि थर सरळ रचले नाहीत तर दाबाखाली चवड एका बाजूला सरकते. ती सरकली की सोडून नव्याने रचण्यावाचून गत्यंतर नसतं.

पाण्याच्या दाबाचा प्रेस

दुसरी तोड तुलनेने नवी आहे. जाळीच्या स्टीलच्या नळकांड्यात मधोमध रबराचा फुगा असतो. नळाची रबरी नळी जोडली की फुगा फुगतो आणि लगदा चहूबाजूंनी जाळीवर दाबला जातो. दाब दोन-तीन किलोंचाच, पण लगद्याचं कडं पातळ असल्यामुळे रस पटकन निघतो. हाताला काम उरत नाही, लगदा सारखा दाबला जातो आणि नाजूक फळांना, विशेषतः पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांना, हा प्रेस मानवतो.

किंमत तेवढ्याच टोपलीच्या प्रेसच्या दोन-तीन पट असते. वरून दोन अडचणी. नळकांडं पूर्ण भरलं नाही तर फुगा वेडावाकडा फुगतो, म्हणून पाच-सात किलो फळांसाठी हा प्रेस निरुपयोगी. आणि नळाला दाब हवा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक किलोचा दाब पडतो. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेणाऱ्या दुमजली बंगल्यात तळमजल्यालाही धड एक किलो मिळत नाही. युरोपातल्या नगरपालिकेच्या नळावर सहज चालणारं यंत्र पुण्या-नाशिकच्या घरात पंपाशिवाय आळशीच ठरेल.

शिसं, जस्त आणि जुना माल

जुने प्रेस दिसायला देखणे असतात आणि नव्यापेक्षा स्वस्तही मिळतात. अमेरिकेत ते इतके का सापडतात यालाही इतिहास आहे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तिथल्या व्होल्स्टेड कायद्याने घरच्यापुरता फळांचा रस आणि सायडर करायला वाट मोकळी ठेवली होती. कॅलिफोर्नियाची द्राक्षं आगगाडीने पूर्वेच्या शहरांत जात आणि इटालियन कुटुंबांच्या तळघरांत दाबली जात. त्या तळघरांतले स्क्रू अजून फिरताहेत.

पण फळांचा रस आंबट असतो आणि आंबट रस धातू खातो. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा येत, हातपाय लुळे पडत. सर जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या चक्क्यांत आणि प्रेसमध्ये सांधे भरायला, अस्तराला वापरलेलं शिसं सायडरमध्ये उतरत होतं. आजही जुना प्रेस घेताना रसाच्या वाटेत शिशाचा सांधा किंवा जुना, पोपडे धरलेला रंग दिसला तर तो शोभेपुरताच ठेवावा. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, उघडं लोखंड आणि तांबंही नको: लोखंडाने रस काळवंडतो, चव बिघडते. स्टेनलेस स्टील, खाद्यपदार्थांसाठीचं प्लॅस्टिक आणि रंग न लावलेलं कठीण लाकूड यांवर भिस्त ठेवावी. बिडाच्या ताटावरचा इनॅमल टवका न उडालेला असावा.

लाकडी टोपली हंगामाआधी पाण्यात भिजवावी म्हणजे ती फुगून रस कमी पिते. काम झाल्याबरोबर नुसत्या पाण्याने खसाखसा घासून सावलीत पूर्ण वाळवावी. रस वाळू दिला तर पुढच्या वर्षी तिच्यातून व्हिनेगरचा वास येतो आणि तो पहिल्याच पिंपात उतरतो.

फळांबाबतही एक पथ्य आहे. सडक्या सफरचंदांवरच्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष रसात येतं. युरोपीय महासंघाने सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. डाग कापून टाकला तर भागतं, सडलेलं फळ मात्र फेकावं. गुरं चरतात त्या जमिनीवर पडलेली फळं रस म्हणून तशीच प्यायला वापरू नयेत. ताजा रस ठेवायचा असेल तर बाटल्या सुमारे ७५ अंश सेल्सिअसवर वीसेक मिनिटं तापवून बंद करतात.

प्रेसवाचूनही भागतं

ब्लॅकबेरी, एल्डरबेरी, आलुबुखार किंवा आपल्याकडची जांभळं, यांची वाइन लगद्यासकट आंबवली जाते. फळं जाळीच्या पिशवीत बांधून बादलीत सोडायची आणि चार-सहा दिवसांनी पिशवी हाताने पिळायची. यासाठी प्रेस घेणं म्हणजे उगाच जागा अडवणं. आलुबुखाराला तर पेक्टिनमुळे प्रेस फारसा जुमानतच नाही.

पाच-दहा किलो सफरचंदांसाठी आणखी एक युक्ती आहे: ती फ्रीजरमध्ये गोठवायची आणि मग पूर्ण वितळू द्यायची. बर्फ होताना पेशींच्या भिंती फुटतात आणि वितळलेलं फळ स्पंजासारखं पिळता येतं. ना चक्की, ना प्रेस. घरातला वेगात फिरणारा ज्यूसरही दहा किलोंपर्यंत साथ देतो, फक्त फेस आणि गाळ बराच येतो, तो रात्रभर बसू द्यावा लागतो.

कायदा आणि आपला मुलूख

ब्रिटनमध्ये घरच्यापुरती वाइन किंवा सायडर करायला परवाना लागत नाही, विकायची मुभा मात्र नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानुसार एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, अशी मर्यादा आहे. दोन्ही देशांत चोथ्यापासून घरी दारू गाळणं हा गुन्हाच. तिकडे राहणाऱ्या, परसात सफरचंदाचं किंवा द्राक्षाचं झाड असलेल्या मराठी घरांना हा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू आहे.

महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते घरच्यापुरतं का असेना. इथे प्रेस घ्यायचा तो रस, सरबत, सिरप यांसाठी.

गोव्यात मात्र ही परंपरा उघड आणि जुनी आहे. काजूची बोंडं दगडाच्या कुंडीत, जिला तिथे कोळंबी म्हणतात, पायांनी तुडवली जातात. उरलेल्या लगद्याची रास वेलाने आवळून तिच्यावर जड धोंडा ठेवत. रात्रभर ठिबकणारा तो रस म्हणजे निरो, तसाच प्यायचा. तुडवून निघालेला रस आंबवून, गाळून हुर्राक आणि फेणी होते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता बऱ्याच ठिकाणी धोंड्याची जागा पिंगऱ्याने, म्हणजे स्क्रू लावलेल्या पिंजऱ्याने घेतली आहे, आणि हा पिंजरा इंग्लंडच्या टोपलीचाच भाऊबंद. क्रमही तोच: आधी तुडवणं, मग दाबणं.

कुणी काय घ्यावं

वर्षाला वीस किलोंच्या आत फळं असतील तर प्रेस घेऊ नये. गोठवणं, ज्यूसर किंवा पिशवी यांवर भागवावं आणि उरलेल्या पैशांत चांगली काचेची बरणी आणि हवाबंद झाकण घ्यावं.

वीस ते साठ किलो सफरचंदांसाठी बारा लिटरचा रॅचेटचा टोपलीप्रेस आणि हातचक्की ही जोडी योग्य. खर्चाला एवढीच रक्कम असेल, तर अठरा लिटरचा प्रेस आणि चक्की नाही, यापेक्षा सहा लिटरचा प्रेस आणि चक्की हे केव्हाही बरं. चाळीस किलो म्हणजे बारा लिटरच्या टोपलीचे चार घाणे, दोन तासांचं काम आणि वीस-बावीस लिटर रस. घरच्यापुरतं लाल वाइन करणाऱ्यालाही हाच प्रेस शंभरेक किलो द्राक्षांपर्यंत पुरतो, आणि त्याला चक्कीचीही गरज नाही.

पांढरी वाइन करणाऱ्याने, फळं पन्नास किलोंच्या पुढे असतील आणि नळाला दाब असेल तर, पाण्याच्या प्रेसचा विचार करावा. वयामुळे किंवा पाठीमुळे दांडा ओढणं जड जाणाऱ्यालाही जास्तीची किंमत वसूल होते.

शंभर किलोंच्या पुढच्या सफरचंदांना टोपली पुरत नाही. दीडशे किलो म्हणजे बारा लिटरचे पंधरा घाणे, अख्खा दिवस जातो. एक मोठं झाड चांगल्या वर्षी एवढी फळं सहज देतं. इथे थरांचा प्रेस हवा, घरी बनवलेला किंवा वाटून घेतलेला. वर्षातले दोन-तीन दिवस वापरायचं यंत्र उरलेले तीनशे साठ दिवस गॅरेजमध्ये जागा अडवतं. कॉमन ग्राउंड या संस्थेने २१ ऑक्टोबर १९९० रोजी लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये पहिला ‘अॅपल डे’ भरवला. त्यानंतर ब्रिटनभर गावोगावी असे दिवस साजरे होऊ लागले आणि सामायिक बागांभोवती लोकांचे गट जमले. पुष्कळ ठिकाणी त्या दिवशी आपली सफरचंदं घेऊन जावं आणि रस घेऊन यावं अशी सोय असते, काही गट प्रेस भाड्यानेही देतात. पहिला हंगाम अशा भाड्याच्या प्रेसवर काढला की आपल्याकडे फळं किती, हात किती आणि उत्साह किती टिकतो, याचा खरा अंदाज येतो. चार घरांनी मिळून एक चांगली चक्की आणि एक भक्कम थरांचा प्रेस घेतला, तर प्रत्येकाला तो लहान टोपलीपेक्षा स्वस्त पडतो आणि रसही जास्त मिळतो.